हायलँड्समध्ये आठ दिवस, ६८० मैल आणि माझा रिव्हर्स गिअर

आधीच सांगून टाकते, मला गाडी धड रिव्हर्स घेता येत नाही. लायसन्स २००४ चं आहे, कसाऱ्यावरून नाशिक-मुंबई किती वेळा केलंय त्याला गणती नाही, सप्तशृंगीगडाचा घाट धुक्यात उतरवलाय, पण पार्किंगमध्ये गाडी नेहमी तोंड पुढे करून घालते आणि काढताना वॉचमनदादांना हाक मारते. अशा बाईने स्कॉटलंडच्या एकेरी रस्त्यांवर आठ दिवस गाडी चालवायचं ठरवलं, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तिकडे जाऊनही गाडीच हाकायची? मग बघणार कधी?"

स्कॉटलंडच का, तर तिथे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात आणि बाहेरून आलेल्या माणसाला आपल्या लायसन्सवर बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. नवऱ्याचं लायसन्स आहे पण स्टिअरिंगला हात लावून दहा वर्षं झाली, त्यामुळे ड्रायव्हर मीच, तो नकाशा आणि खाऊ विभाग.

सुरुवात व्हिसापासून. १ मार्च २०२५ ला ऑनलाइन फॉर्म भरला, माणशी ११५ पौंड (एप्रिलपासून ती फी १२७ झाली, त्यामुळे भरायच्या दिवशी साइटवर बघूनच हिशोब धरा). बायोमेट्रिकसाठी पुण्याची १० मार्चची वेळ मिळाली. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांचे रिटर्न, दोघांची ऑफिसची रजेची पत्रं, लग्नाचा दाखला, रोज कुठे राहणार त्याचा तक्ता. यात एक गोची होती. फेब्रुवारीत आम्ही एक एफडी मोडली होती, त्यामुळे खात्यात अचानक साडेतीन लाख जमा दिसत होते. एका मैत्रिणीच्या भावाचा व्हिसा अशाच कुठूनतरी आलेल्या मोठ्या रकमेमुळे नाकारला गेल्याचं ऐकलं होतं म्हणून मी कव्हर लेटरमध्ये चार ओळी त्यावरच लिहिल्या आणि एफडीची पावती जोडली. विमानाची तिकिटं आणि राहायच्या जागा सगळं रद्द करता येईल असंच बुक केलं होतं, थोडं महाग पडलं पण झोप लागली. २७ मार्चला निर्णयाचा मेल, दोन दिवसांनी पासपोर्ट कुरियरने घरी. मधले सतरा दिवस मी रोज रात्री मेल बघायचे, स्पॅमसकट.

मग इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. खरं तर इंग्रजीतलं लायसन्स असेल तर ब्रिटनमध्ये याची कायद्याने गरज नाही, पण गाडी भाड्याने देणारे काहीजण मागतात असं वाचलं म्हणून काढलं. परिवहनच्या साइटवर अर्ज, डॉक्टरच्या सहीचा १ए फॉर्म, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, हजार रुपये फी आणि वरचे किरकोळ. व्हिसा आणि तिकिटाची कॉपी लागते त्यामुळे हे आधी करता येत नाही, क्रम लक्षात ठेवा. पाच दिवसांत हातात आलं. तिकडे काउंटरवर कोणी बघितलंही नाही, मीच दोनदा पुढे सरकवलं तर दोनदा मागे सरकवून मिळालं.

गाडीबद्दल एक गोष्ट जी मला कुठेच वाचायला मिळाली नाही. सगळे सांगतात ऑटोमॅटिकच घ्या. अहो, ते अमेरिकेतून येणाऱ्यांसाठी. आपण आयुष्यभर डाव्या हाताने गिअर टाकतोय, तिथेही डावाच हात. मॅन्युअल छोटी गाडी आठ दिवसांना ३१० पौंड पडत होती आणि ऑटोमॅटिक ४६०. मी मॅन्युअल घेतली. पण त्यातही दोन भानगडी निघाल्या, त्या पुढे सांगते.

एक्सेस इन्शुरन्स हा प्रकार नीट समजून घ्या. भाड्यात बेसिक विमा असतो, पण नुकसान झालं तर पहिले अमुक पौंड तुमच्या खिशातून जातात, आमच्या केसमध्ये १,५०० पौंड, म्हणजे तेव्हाच्या भावाने पावणेदोन लाखांच्या घरात. टायर, काच, गाडीचा खालचा भाग हे तर बेसिक विम्यात बहुतेक वेळा नसतंच. काउंटरवर जे संपूर्ण कव्हर विकतात ते दिवसाला २५ पौंड होतं. बाहेरच्या कंपनीकडून आठ दिवसांची वेगळी पॉलिसी ४४ पौंडांत मिळाली, मात्र अशा बऱ्याच पॉलिसी फक्त तिकडे राहणाऱ्यांनाच देतात, भारतात राहणाऱ्यांना चालते ना हे बारीक अक्षरात शोधावं लागतं. माझा एक अख्खा रविवार त्यात गेला.

आणि एप्रिलमधल्या रविवारच्या सकाळी मी काय करत होते, तर गंगापूर धरणाकडच्या एका रिकाम्या रस्त्यावर रिव्हर्सची प्रॅक्टिस. नवरा पाण्याच्या दोन बाटल्या रस्त्यात उभ्या करायचा आणि मी त्यांच्यामधून मागे यायचं. पहिल्या दिवशी दोन्ही बाटल्या सपाट. चौथ्या रविवारी बऱ्यापैकी जमलं, पण डाव्या आरशात बघायचं सोडून मान वळवून मागच्या काचेतून बघायची सवय काही गेली नाही.

१० मे, शनिवार. मुंबई-दुबई-ग्लासगो, दुपारी उतरलो. बॅगेत चिवडा, मेतकूट, उपम्याची पाकिटं. सासूबाईंनी दिलेली साजूक तुपाची बाटली मात्र घरीच काढून ठेवली होती, दूधदुभत्याचे पदार्थ न्यायला बंदी आहे, मटण-चिकनचं काही असेल तर तेही नाही. गाडी मुद्दाम दुसऱ्या दिवसापासून घेतली होती. एअरपोर्टजवळच्या हॉटेलात संध्याकाळी सहाला झोपलो ते पहाटे चारला उठलो. रात्रभराच्या प्रवासानंतर थेट गाडी ताब्यात घेऊ नका, एका रात्रीचे पैसे गेले तरी चालतील.

११ मे. काउंटरवर डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड दिलं आणि ते चाललंच नाही. दुसऱ्यांदाही नाही. क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं लागतं, नवऱ्याचं चालणार नाही, डेबिट कार्ड नाही. मागे लाइन वाढतेय, समोरची मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणतेय की आमचं संपूर्ण कव्हर घेतलंत तर डिपॉझिट कमी होईल, आणि मला दरदरून घाम. शेवटी नवऱ्याच्या लक्षात आलं, बँकेच्या अॅपमध्ये परदेशातले व्यवहार चालू केले होते पण त्याची मर्यादा पन्नास हजारच ठेवलेली. ती वाढवली, ओटीपी आला (रोमिंग चालू ठेवा बाई, ओटीपीसाठी तरी), १,५०० पौंडांचा होल्ड पडला आणि किल्ली मिळाली. गाडीभोवती फिरून आम्ही चारही चाकांचे, बंपरचे, काचेचे मिळून व्हिडिओ काढले. हे कराच.

आता त्या दोन भानगडी. पहिली, रिव्हर्स गिअर. माझ्या जुन्या वॅगनआरमध्ये तो उजवीकडे खाली आहे. या गाडीत तो डावीकडे वर, पहिल्याच्या शेजारी, आणि नॉबखालची एक रिंग दोन बोटांनी वर उचलल्याशिवाय पडतच नाही. पार्किंगमधून गाडी बाहेर काढायची तर मी तीनदा पुढच्या भिंतीकडेच सरकले. दुसरी, इंडिकेटर. आपल्याकडे तो बहुतेक गाड्यांत उजव्या हाताला, तिथे डाव्या. त्यामुळे पहिले दोन दिवस मी प्रत्येक वळणावर, कडकडीत उन्हात, वायपर फिरवत होते.

हो, ऊन. जो तो म्हणाला होता की स्कॉटलंड म्हणजे पाऊस, आम्ही दोन रेनकोट, दोन पॉंचो, छत्री घेऊन गेलो आणि बॅगेतून काही काढावं लागलं नाही. त्या वर्षीचा वसंत तिकडे कमालीचा कोरडा गेला. रस्त्याकडेला वणव्यापासून सावध राहा अशा सूचना होत्या, आणि ग्लेनकोच्या आमच्या घरमालकीणबाई रोज सकाळी आकाशाकडे बघून असं तोंड करायच्या जसं आपण जुलै कोरडा गेल्यावर करतो.

ग्लासगोहून ए८२ रस्त्याने लॉक लोमंड तळ्याच्या काठाकाठाने वर गेलं की ग्लेनको. अंतर नव्वद मैलांच्या आतबाहेर, नकाशा अडीच तास सांगतो, आम्हाला पाच लागले. सगळं मैलात असतं, गाडीचा काटाही मैलात, त्यामुळे ६० चा बोर्ड म्हणजे जवळजवळ ९७ किलोमीटर वेग. ती मर्यादा आहे, तेवढी पळवलीच पाहिजे असं नाही, हे मला टार्बेटच्या पुढे कळलं. तिथे एका बाजूला खडक, दुसरीकडे तळ्याची भिंत आणि समोरून येणारी टुरिस्ट बस. आपल्याकडे अशा जागी सगळेच हळू असतात. तिथे बसवाला पट्ट्याच्या आत राहून सुसाट जातो आणि आपणही आत राहू हे गृहीत धरतो. मागे चार-पाच गाड्या जमल्या की मी दिसेल त्या मोकळ्या जागी बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्यायचे, त्यात काही कमीपणा नाही.

रॅनॉक मूरचं माळरान संपून रस्ता ग्लेनकोत शिरतो तिथे मी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून थोडी रडले. थकव्याने असेल. ते डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे कातळकडे नाहीत, झाडं जवळपास नाहीतच, नुसतं पिवळं-तपकिरी गवत आणि वरपासून खालपर्यंत ओरखडे काढल्यासारखे ओढे. उंची म्हणाल तर ब्रिटनचं सगळ्यात उंच शिखर बेन नेव्हिस १,३४५ मीटर, आणि आपली कळसूबाई १,६४६. नवऱ्याने ही माहिती पुढचे आठ दिवस भेटेल त्याला ऐकवली.

१२ मे हा दिवस मी सरावासाठी ठेवला होता आणि ते फार बरं केलं. ग्लेनकोच्या जवळून ग्लेन एटिव्ह नावाचा साधारण बारा मैलांचा फाटा आत जातो, एकेरी रस्ता, शेवटी तळं, परत त्याच वाटेने यायचं. एकेरी म्हणजे एका गाडीपुरताच डांबरी रस्ता आणि दोन्हीकडून वाहतूक. थोड्या थोड्या अंतरावर फुगवटा असतो, पासिंग प्लेसचा बोर्ड लावलेला. समोरून कोणी दिसलं की ज्याला फुगवटा जवळ त्याने थांबायचं. फुगवटा आपल्या डावीकडे असेल तर आत जायचं, उजवीकडे असेल तर त्याच्यासमोर रस्त्यातच थांबायचं, समोरचा त्यात शिरून जातो, आपण उजवीकडे ओलांडायचं नाही. मागून कोणाला पुढे जायचं असेल तर त्यालाही असंच जाऊ द्यायचं. तिथे पार्किंग अजिबात करायचं नाही, फोटोसाठीही. आणि प्रत्येक वेळी हात वर. स्टिअरिंगवरून चार बोटं उचलली तरी चालतात पण उचलायचीच. दिवसभरात मी शंभरेक वेळा हात केला असेल, नवरा म्हणाला निवडणुकीला उभी आहेस का.

१३ ला फोर्ट विल्यमवरून ग्लेनफिनन. तो एकवीस कमानींचा रेल्वेपूल, जादूगार पोराच्या सिनेमामुळे जगभर माहीत असलेला. पार्किंग फुल्ल, दोन चकरा मारल्या, नाही मिळालं, पुढे निघालो. पुलावरून जाणारी आगगाडी बघायचीच असेल तर सकाळी फार लवकर जा, याउपर मी काय सांगणार. मॅलेगहून स्काय बेटावरच्या आर्माडेलला अर्ध्या तासाची बोट, गाडी आणि दोन माणसं मिळून वीसेक पौंड, महिनाभर आधी बुक केली होती. बोटीत गाडीचा हँडब्रेक लावून वर जाऊन बसायचं. तिथून बेटावरच्याच पोर्ट्रीला.

आणि १४ मे. स्टाफिनहून क्विरँगकडे चढणारा रस्ता. सकाळचे अकरा, डावीकडे दरड कोसळून तयार झालेले विचित्र सुळके, ऊन, माझा आत्मविश्वास अगदी वर. समोरून एक पांढरी कॅम्परव्हॅन. फुगवटा माझ्यामागे वीसेक फुटांवर होता. रिव्हर्स घ्यायला हवा होता. मी घेतला नाही. म्हटलं थोडं डावीकडे दाबलं की जाईल तो. डावं चाक डांबराखाली उतरलं, कड फुटलेली होती, खाली धारदार दगड, आणि फस्सकन आवाज आला. व्हॅनमधल्या आजोबांना काही कळलंच नाही, त्यांनी छान हसून हात केला, मीही सवयीने केला.

टायरची बाजू तीन इंच फाटलेली. डिकी उघडली तर स्टेपनीच नाही! आजकाल नुसती पंक्चरच्या औषधाची बाटली आणि हवेचा पंप देतात, बाजू फाटली की त्याचा काही उपयोग नाही. तेव्हा गाडी घेतानाच डिकी उघडून बघा. फोनला रेंज नाही. नवरा वर चढत गेला, एका ठिकाणी एक काडी आली, मदतीच्या नंबरवर तेवीस मिनिटं होल्डवर राहिला. मी घसरत घसरत गाडी त्याच फुगवट्यात मागे नेली, रिव्हर्सच, आणि यावेळी नीट आला. तिथे उभं राहायची मनाई आहे हे माहीत असल्याने येणाऱ्या प्रत्येक गाडीला मी हात जोडत होते. तीनजण थांबले. एका बाईंनी थर्मासमधला चहा दिला. फोन लागल्यापासून दोन तास चाळीस मिनिटांनी ट्रक आला, गाडी वर चढवली, आम्हाला केबिनमध्ये बसवलं. नवीन टायर बसून साडेचार वाजले. १३८ पौंड. पावतीवर टायरचा साइज, गाडीचा नंबर, तारीख सगळं लिहून घेतलं, फाटलेल्या टायरचे फोटो काढले. संध्याकाळी खोलीवर आम्ही मेतकूट-भात खाल्ला आणि एकमेकांशी फार बोललो नाही. स्वयंपाकघरं तिकडे आठ-साडेआठला बंद होतात, सूर्य मात्र साडेनऊच्या पुढे मावळतो, त्यामुळे उजेडावर विसंबून जेवायला बाहेर पडाल तर उपाशी राहाल.

१५ ला मी गाडीला हात लावला नाही. पोर्ट्रीच्या बंदरावर बसून होतो.

१६ मे, ज्या रस्त्याला मी नाशिकपासून घाबरत होते तो. स्कायचा पूल ओलांडून (आता टोल नाही), आयलन डोनन किल्ला बघून, अॅपलक्रॉसकडे जाणारा घाट. नाव बेलाख ना बा, गेलिक भाषेत अर्थ गुरांची खिंड. हे वाचल्यावर मला एकदम घरचं वाटलं, आपल्याकडेही घाट आधी गुरांनी आणि वाण्यांनीच पाडले. पायथ्याला मोठा बोर्ड, शिकाऊ ड्रायव्हर, फार मोठी वाहनं आणि कॅरव्हॅन यांनी जाऊ नये. माथा ६२६ मीटर, म्हणजे साधारण लोणावळ्याइतकाच, पण चढ पार समुद्राच्या काठापासून सुरू, आणि जास्तीत जास्त चढ पाचास एक. ज्यांना नको त्यांच्यासाठी शील्डेगकडून किनाऱ्याने दुसरा रस्ता आहे, लांबचा पण सोपा. नवरा म्हणाला, "अगं, तिकडून जाऊया ना." मी म्हटलं, आता नाही.

वरच्या नागमोडी वळणांच्या जरा खाली समोरून पिकअप आला, मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये मेंढ्या. चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम तिथेही आहे, पण मेंढ्यांचा ट्रेलर उलटा चढवायला त्याला कोण सांगणार. माझ्यामागचा फुगवटा चाळीसेक मीटर खाली, वळणाच्या पलीकडे. नवरा खाली उतरला आणि मागे जाऊन उभा राहिला, हातवारे करत, अगदी आमच्या वॉचमनदादांसारखा. रिंग उचलली, रिव्हर्स टाकला. पहिल्यांदा गाडी वाकडी गेली, पुन्हा पुढे घेतली. दुसऱ्यांदा बंद पडली. घामाने हात घसरत होते. या सगळ्या वेळात हॉर्न नाही, डिपर नाही. मी वर बघितलं तर त्या माणसाने इंजिन बंद केलं होतं आणि कागदात गुंडाळलेलं सँडविच उलगडून खात होता. तिसऱ्यांदा मी मान वळवायची सोडून दिली, डाव्या आरशात गवताची कड धरली आणि तेवढीच बघत बघत हळूहळू मागे आले, बाटल्यांमधून यायचे तशी. तो जाताना काच खाली करून काहीतरी बोलला. नवऱ्याच्या मते "वेल डन", मला तर काहीच कळलं नाही.

पुढचं भराभर. १७ ला टॉरिडनवरून इन्व्हर्नेस, सगळ्यात सुंदर दिवस होता आणि त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही घडलं नाही. १८ ला ए९ हायवेने खाली, तिथे सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, एका ठिकाणी हळू होऊन पुढे पळवण्यात अर्थ नाही. एकूण ६८० मैल, पेट्रोल नव्वदेक पौंडांचं. पेट्रोलची नळी हिरवी आणि डिझेलची काळी, भरण्याआधी झाकणावर बघा. गाडी परत देताना टायरची पावती दाखवली, माणसाने चाक बघितलं, टिक केलं. होल्ड २८ मेला सुटला.

टायरचा क्लेम वेगळा, तो त्या ४४ पौंडांच्या पॉलिसीवाल्यांकडे. घरी आल्यावर ऑनलाइन फॉर्म, सोबत भाड्याचा करार, टायरची पावती, फोटो, कार्डाचं स्टेटमेंट. घटनेचं वर्णन करा या रकान्यात लिहिलं, समोरच्या कॅम्परव्हॅनला जागा देण्यासाठी मी डावीकडे घेतलं. आठ दिवसांनी त्यांचा मेल, दुसऱ्या वाहनाचा नंबर कळवावा. आता नंबर कोण बघतंय? मी उत्तर पाठवलं की नंबर माहीत नाही, पांढरी होती, चालवणाऱ्या आजोबांनी हात केला होता. १९ जूनला १३८ पौंड खात्यात जमा झाले.